जेरबंद

घोड्याच्या पोटाखालच्या तंगाला बांधून, पुढच्या दोन पायांमधून वर नेऊन लगामाला किंवा नाकावरच्या पट्ट्याला अडकवलेला चामडी पट्टा म्हणजे जेरबंद. घोड्यानं डोकं वर फेकू नये यासाठी तो असतो. शब्द फारसी: जेर म्हणजे खाली, बंद म्हणजे बांधणी. मोल्सवर्थच्या कोशात त्याला इंग्रजी प्रतिशब्द दिला आहे तो मार्टिंगेल. मराठीत घोडी गेली, स्वार गेले, पण शब्द राहिला, आणि आता तो वर्तमानपत्रांतल्या चोरांपुरता उरला आहे. ‘सराईत गुन्हेगार जेरबंद.’ ‘जेरीस येणे’ हाही त्याच घरातला.

जुगाराच्या एका पद्धतीलाही युरोपात मार्टिंगेलच म्हणतात. हरलात की पुढच्या डावाला दुप्पट लावायचं, पुन्हा हरलात की त्याचीही दुप्पट. कधीतरी जिंकणारच, आणि जिंकाल तेव्हा मागची सगळी हार भरून निघून पहिल्या डावाएवढा नफा हातात राहतो. घोड्याचा पट्टा आणि ही पद्धत यांना एक नाव कसं मिळालं यावर फ्रेंच कोशकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. प्रोव्हांस प्रांतात मार्तीग नावाचं गाव आहे. तिथली माणसं फार भोळी, अशी शेजारच्यांची समजूत. तेव्हा मार्तीगकरांसारखं खेळणं म्हणजे खुळ्यासारखं खेळणं, असा एक तर्क. मला तो आवडतो, कारण प्रत्येक भाषेला स्वतःचं एक मार्तीग असतंच. पण भाषांतर करायला बसले तर मी ‘जेरबंद’ हाच शब्द घेईन. तो पट्टा बांधलेल्या घोड्याला पळता येतं, फक्त मान वर करून पुढचं बघता येत नाही.

अठराव्या शतकात ही पद्धत फ्रान्स-इटलीच्या जुगारघरांत सर्रास चालत होती. तिचा सर्वांत प्रसिद्ध भक्त म्हणजे कॅसानोव्हा. व्हेनिसच्या रिदोत्तो या सरकारमान्य जुगारघरात तो फारो नावाचा पत्त्यांचा खेळ दुप्पट करत करत खेळायचा, आणि त्याच्या हातातलं सोनं होतं त्याच्या प्रेयसीचं. आधी बरेच दिवस जिंकला. मग एके दिवशी दुप्पट करायला काही उरलं नाही. आत्मचरित्रात हे त्यानं फारसा पश्चात्ताप न दाखवता लिहिलं आहे. पद्धत चुकीची होती असं त्याला वाटलेलं दिसत नाही. सोनं कमी पडलं, एवढंच.

पैसे कमी पडले, हे वाक्य मी चेन्नईत मराठीत ऐकलं आहे. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका आयटी कंपनीत काम करणारा सोलापूरकडचा एक मुलगा. इथं मराठी माणसं थोडी, त्यामुळे ओळखी पटकन होतात आणि मी सगळ्यांची ताई होते. त्यानं मला एक एक्सेल शीट दाखवली. लाल-काळ्यावर ऑनलाइन रूलेट. पहिला डाव १० रुपयांचा, हरला की दुप्पट. रोज २० वेळा जिंकायचं, म्हणजे २०० रुपये, आणि फोन बंद करायचा. पठ्ठ्या शिस्तीचा. ३१ दिवसांच्या ३१ ओळी, सगळ्या हिरव्या, बेरीज ६,२००. बत्तिसाव्या ओळीत काही लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी ओळीनं दहा डाव गेले. १०, २०, ४० असं करत दहावा डाव ५,१२० चा होतो आणि दहांची बेरीज १०,२३०. अकराव्या डावाला १०,२४० हवे होते, पण टेबलाची कमाल मर्यादा १०,००० होती.

“ताई, मर्यादा नसती तर वसूल झालं असतं ना?”

प्रश्न त्याचा आहे, पण तो अडीचशे वर्षं जुना आहे, आणि त्याला ‘जुगार वाईट असतो बाबा’ हे उत्तर नाही. त्याला आकड्यांचंच उत्तर द्यायला हवं. युरोपीय रूलेटच्या चाकावर ३७ घरं: १८ लाल, १८ काळी, एक हिरवं शून्य. लालवर लावलं तर ३७ पैकी १९ वेळा हरणार. ओळीनं दहा वेळा हरण्याची शक्यता साधारण ७८४ मध्ये एक. ऐकायला ती फार दूरची वाटते. पण हा मुलगा रोज २० फेऱ्या पुऱ्या करत होता, म्हणजे ७८४ फेऱ्या व्हायला ३९ दिवस. तो ३२ व्या दिवशी अडकला. यात कमनशीब फारसं नाही. साधारण वेळेवरच झालं म्हणायचं.

आणखी खोलात गेलं तर गंमत वाटेल असा हिशेब निघतो. अशा प्रत्येक फेरीत ७८४ पैकी ७८३ वेळा १० रुपये मिळतात आणि एकदा १०,२३० जातात. सरासरी काढली तर फेरीमागं सुमारे तीन रुपये तोटा. एका फेरीत सरासरी किती पैसे टेबलावर येतात? सुमारे ११३ रुपये. आणि शून्याच्या त्या एका घरामुळे जुगारघराचा हिस्सा असतो शेकडा २.७. ११३ चे २.७ टक्के किती? तेच तीन रुपये. पद्धत वापरा की वापरू नका, लावलेल्या प्रत्येक रुपयावर तेवढाच कर कापला जातो. पद्धतीनं तो कर बदलत नाही, फक्त त्याचा हप्ता बदलतो. तो रोज थोडाथोडा न जाता साठून एके दिवशी जातो.

तरीही पद्धतीचे भक्त संपत नाहीत, याचं कारणही त्याच आकड्यांत आहे. समजा १०० जणांनी १०,२३० रुपये घेऊन ७८४ फेऱ्या खेळायचं ठरवलं. सुमारे ३७ जण एकदाही न अडकता पार पडतील, प्रत्येकाच्या खिशात ७,८४० रुपये नफा. हे ३७ जण खोटं बोलत नाहीत. त्यांच्याकडे शीट आहे, हिरव्या ओळी आहेत, आणि सांगायची हौसही आहे. बाकीचे ६३ घरी गप्प बसतात.

आता मर्यादेचं. मर्यादा नसती तर अकरावा डाव खेळता आला असता, पण तोही ३७ पैकी १९ वेळा हरणाराच. आधी दहा वेळा काळं आलं म्हणून चाकाला लालची आठवण येत नाही. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंते कार्लोच्या कॅसिनोत काळं ओळीनं २६ वेळा आलं. पंधराव्या-सोळाव्या वेळेपासून लोक लालवर तुटून पडले होते, कारण आता तरी लाल यायलाच हवं. १० रुपयांनी सुरू करून २६ वेळा दुप्पट केली तर एकूण हार ६७ कोटींच्या वर जाते, आणि पुढचा डाव तितक्याचाच, तोही १० रुपये नफ्यासाठी. मर्यादा नसलेलं टेबल सापडेल एकवेळ. मर्यादा नसलेला खिसा कुठून आणायचा?

हुशार माणसंही इथं घसरलेली आहेत. दालांबेर हा फ्रेंच ज्ञानकोशाचा सहसंपादक आणि पहिल्या प्रतीचा गणिती. त्यानं १७५४ मध्ये याच ज्ञानकोशात लिहिलं की नाणं दोनदा उडवलं तर एकदा तरी छापा पडण्याची शक्यता दोन तृतीयांश. बरोबर उत्तर तीन चतुर्थांश. त्याच्या नावाची एक सौम्य पद्धत आजही चालते: हरलात की एकानं वाढवा, जिंकलात की एकानं कमी करा. दुसरी एक पद्धत हेन्री लाबूशेर या ब्रिटिश खासदाराच्या नावाची. तिच्यात कागदावर आकडे लिहून दोन्ही टोकांकडून खोडत जायचं असतं. वाढीचा वेग निरनिराळा, पण अडकण्याची जात एकच. फिबोनाच्चीच्या मालिकेवर बेतलेली पद्धतही त्याच जातीची, तिच्यावर वेळ घालवत नाही.

विसाव्या शतकात एक वेगळीच गोष्ट घडली. जुगाऱ्यांचा हा शब्द गणितानं उचलला. १९३९ मध्ये झाँ व्हील या फ्रेंच गणितज्ञानं मार्टिंगेल ही संकल्पना शास्त्रात आणली, आणि अमेरिकेत जोसेफ डूबनं तिचं पूर्ण शास्त्र उभं केलं. त्यातलं मूळ प्रमेय आपल्या भाषेत असं सांगता येईल: खेळ समसमान असेल, पैसा आणि वेळ मर्यादित असतील, तर कधी थांबायचं आणि किती लावायचं याचा कोणताही नियम करा, सरासरीत तुम्ही जिथून निघालात तिथंच राहता. आणि खेळ समसमान नसेल, तर सरासरीत खालीच जाता. ‘कोणताही नियम’ हे शब्द महत्त्वाचे. आजवर सुचलेल्या पद्धती तपासून नापास केलेल्या नाहीत. अजून कुणाला न सुचलेल्यासुद्धा आधीच निकालात काढलेल्या आहेत.

या शास्त्राचा एक धागा थेट चेन्नईत येतो. मरीना किनाऱ्यासमोर प्रेसिडेन्सी कॉलेजची लाल इमारत आहे. एस. आर. श्रीनिवास वरदन १९५९ मध्ये तिथून पदवी घेऊन बाहेर पडले, पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत गेले, मग न्यूयॉर्कला. डॅनियल स्ट्रूक यांच्याबरोबर त्यांनी मांडलेल्या एका प्रश्नाचं नावच ‘मार्टिंगेल समस्या’ आहे. २००७ मध्ये त्यांना आबेल पारितोषिक मिळालं ते मुख्यतः फार क्वचित घडणाऱ्या घटनांच्या गणितासाठी: जे सहसा होत नाही ते होण्याची शक्यता नेमक्या कोणत्या वेगानं घटत जाते, याचं शास्त्र. दुप्पट करत जाणारा माणूस आपलं सगळं अशाच एका क्वचित घटनेच्या विरोधात लावत असतो.

आपल्याकडचं जुगाराचं सर्वांत जुनं गणित मात्र एका झाडाखाली घडतं. नलोपाख्यानातला ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाकडे पाहून सांगतो की त्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २,०९५ फळं आहेत. सारथी बनलेला नळ रथ थांबवतो, झाड तोडतो, मोजतो; आकडा बरोबर निघतो. मग विद्येची अदलाबदल होते. नळ अश्वहृदय देतो आणि अक्षहृदय घेतो. वैदिक काळचे फासे बेहड्याच्या फळांचेच, त्यामुळे झाड उगाच आलेलं नाही. थोडं पाहून एकंदर संख्या सांगणं आणि फाशांचं मर्म जाणणं ही एकच विद्या आहे, हे कथाकाराला ठाऊक होतं. इयान हॅकिंगनं शक्यतेच्या कल्पनेचा इतिहास लिहिताना या गोष्टीची दखल घेतली ती यामुळेच.

मला यात जास्त रस आहे तो पुढच्या भागात. विद्या मिळाल्यावर नळ पुष्कराकडे परत जातो, आणि सगळं एकाच डावावर लावतो. थोडं थोडं परत मिळवत बसत नाही. याच्या उलट धर्मराज. सभापर्वातली त्याच्या पणांची यादी वाचावी: रत्नं, मग सोनं, रथ, दासदासी, हत्ती, घोडे, पुढं राज्य, भाऊ, स्वतः, द्रौपदी. प्रत्येक हारीनंतर आधीपेक्षा मोठा पण. दुप्पटीचा काटेकोर हिशेब त्यात नाही, पण ‘आता हे लावतो म्हणजे मागचं सगळं येईल’ हा स्वर ओळखीचा आहे.

आधुनिक गणित या दोघांत नळाची बाजू घेतं. १९६५ मध्ये डुबिन्स आणि सॅव्हेज या दोन गणितज्ञांनी दाखवलं की खेळ आपल्या विरोधात झुकलेला असेल आणि ठराविक रक्कम गाठायचीच असेल, तर मोठ्या धाडसानं आणि कमीत कमी डावांत खेळणं उत्तम. १०,००० चे २०,००० करायचे आहेत. सगळे एकदम लालवर लावले तर यशाची शक्यता ४८.६ टक्के. दर वेळी १० रुपये लावत संयमानं खेळलं तर? दशांशचिन्हानंतर २३ शून्यं आणि मग पहिला आकडा. विरोधात झुकलेल्या खेळात संयम माणसाच्या बाजूनं काम करत नाही, कारण प्रत्येक डावाला कर आहे आणि डाव जितके जास्त तितका कर जास्त. फोनवरचा खेळ नेमका याच दिशेनं घडवलेला आहे: छोटी रक्कम, असंख्य डाव, दोन डावांत श्वास घेण्याएवढंच अंतर. सोलापूरच्या मुलाच्या ७८४ फेऱ्या म्हणजे सुमारे १,६०० डाव. खऱ्या टेबलावर तासाला ४० डाव धरले तर त्याला ४० तास लागतात. फोनवर १५ सेकंदांना एक डाव धरला तर सात तासांच्या आत. त्यानं रोज थोडं खेळून ते महिनाभर लांबवलं, एवढाच त्याच्या शिस्तीचा फायदा.

कायद्यानं हा प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला आहे, आणि मद्रासनं तो वारंवार विचारला आहे. कसब की नशीब? १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धेच्या खटल्यात सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी ऋग्वेदातल्या अक्षसूक्तापासून आढावा घेत जुगार हा व्यापार नव्हे असं ठरवलं. पण ज्यात कसबाचा भाग मोठा तो जुगार नव्हे, ही वाटही मोकळी राहिली. त्या वाटेनं पुढं रमी आली. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं ठेवायचं, कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं. तीन पत्तीसारखी ती निव्वळ नशिबाची नाही. मग घोडे आले. तामिळनाडूनं १९७४ मध्ये शर्यती बंद करण्याचा कायदा केला होता. १९९६ मध्ये लक्ष्मणन् खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांच्या शर्यती कसबाच्या ठरवल्या आणि गिंडीचं मैदान वाचलं. (ते सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं ताब्यात घेतलं, पण भाडेपट्ट्याच्या वादातून.)

मग फोन आला. ऑनलाइन रमीत पैसे गमावलेल्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या तामिळ वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये वटहुकूम निघाला, पुढच्या वर्षी कायदा झाला, ऑगस्ट २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तो रद्द केला. निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीनंतर नवा कायदा आला. राज्यपालांनी विधेयक परत पाठवलं, विधानसभेनं ते मार्च २०२३ मध्ये पुन्हा मंजूर केलं, एप्रिलमध्ये संमती मिळाली. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला उच्च न्यायालयानं नशिबाच्या खेळांवरची बंदी कायम ठेवली, रमी आणि पोकर तिच्यातून वगळले, मात्र वेळ आणि वय यांचे नियम करायला राज्याला मुभा दिली. त्या मुभेतून २०२५ मध्ये नियम आला: रात्री १२ ते पहाटे ५ पैसे लावून खेळायचं नाही. कंपन्या पुन्हा कोर्टात गेल्या. जूनमध्ये कोर्टानं नियम उचलून धरला.

या सगळ्या निकालांपेक्षा मला तो पाच तासांचा नियम जास्त समजूतदार वाटतो. कसब की नशीब हा प्रश्न खेळाबद्दल आहे, आणि जुगाऱ्याची अडचण बऱ्याचदा खेळात नसतेच. पद्धत काढणारा प्रत्येक माणूस स्वतःपुरता एक निकाल देत असतो: हा खेळ नशिबाचा असेल, पण माझा कसबाचा आहे, कारण माझ्याकडे नियम आहे, शीट आहे, शिस्त आहे. रमीत दुप्पट करत जाणं जसंच्या तसं चालत नाही. तिथं समोर दुसरे खेळाडू असतात आणि कंपनी प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेते. पण हरलेला माणूस मोठ्या रकमेच्या टेबलावर सरकतो, ती दुप्पटच. रात्री दोनला ती करणाऱ्याला वरदनांचं गणित समजावण्यात अर्थ नाही. टेबल बंद असण्यात आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि कसब-नशीब हा भेदच काढून टाकला. त्यालाही आव्हानं दिली गेली आहेत. सोलापूरच्या मुलानं त्याच्या आधीच, गेलेले ४,०३० भरून काढायला पहिला डाव १० ऐवजी १०० चा केला होता. ती दुसरी शीट त्यानं मला दाखवली नाही. तेव्हा तो ताई म्हणायचा, आता फोन उचलत नाही.

तिरुक्कुरळमध्ये जुगारावर स्वतंत्र प्रकरण आहे, ९४ वं, दहा कुरळांचं. जिंकण्याला तिथं माशानं गिळलेल्या गळाची उपमा आहे, आणि लगेच पुढं एकाच्या लाभासाठी शंभर घालवणाऱ्यांचा उल्लेख. आपला १० साठी १०,२३० हा हिशेब त्यापेक्षा दसपट वाईट. साने गुरुजींनी कुरळ मराठीत आणलं आहे, तरी प्रकरणाचं नाव मला अजून छळतं. तामिळमध्ये ते आहे ‘सूदु’. त्याचा अर्थ जुगार आणि त्याचाच अर्थ कपट. ‘जुगार’ म्हटलं की कपट निसटतं, ‘द्यूत’ म्हटलं की थेट हस्तिनापूर येतं. सध्या माझ्या वहीत ‘डाव’ लिहिलेलं आहे. त्यात खेळण्याची पाळीही आहे आणि दुसऱ्यानं आपल्यावर टाकलेला डावही.